नानांच्या खोलीतलं सॉकेट

शनिवार, २ मार्च

घर झकास आहे! पहिलं वाक्य मुद्दाम असं लिहिलंय, कारण रक्तदाबाच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय की राग माणसांवर काढू नका, वहीत काढा, आणि रोज एक तरी चांगली गोष्ट लिहा. तर लिहिली. आणि खोटी नाही हं. वरचा अख्खा मजला आमचा, दोन खोल्या, स्वयंपाकघर, गच्चीचा जिना दाराबाहेरच. बसस्थानक चालत जाण्याजोगं. बदलीचा कागद हातात आला तेव्हा मी साहेबांच्या सात पिढ्या उद्धरल्या होत्या, त्या परत घ्यायला हरकत नाही.

इथेही माझं काम तेच. चौकशीच्या खिडकीत बसायचं आणि भोंग्यावरून गाड्या पुकारायच्या. इथला भोंगा नवा आहे, माझा आवाज पार भाजीबाजारापर्यंत जातो. इथला मुकादम म्हणाला की बाई, तुम्हाला खरं तर भोंग्याची गरजच नाही. मी म्हटलं, घराण्याचा गुण आहे.

खरंच आहे. नानांचा आवाज तर माझ्याही वरचा. शाळेत कवायत शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी फुटबॉलचे सामने घ्यायचे, पंच म्हणून. आम्ही बापलेक जन्मभर भांडलो. चहा कसा करावा इथपासून ते मी नोकरी करावी का इथपर्यंत. मला ते ‘तोफ’ म्हणायचे. सगळ्यात जुनं भांडण म्हणजे शाळेच्या संघातून खेळताना त्यांनी मला, सख्ख्या लेकीला, फाउलसाठी मैदानाबाहेर काढलं होतं ते. तो फाउल माझा नव्हता! हे मी त्यांना आजवर शेकडो वेळा ऐकवलं असेल. ते दर वेळी म्हणायचे, पंचाने पाहिलंय.

गेल्या वर्षी झटका आला आणि उजवं अंग गेलं, वाचाही गेली. तेव्हापासून घर इतकं शांत आहे की माझं डोकं फिरतं. मी भांडी आपटते, मुद्दाम बोचरं बोलते. ते नुसते बघतात. एकदा, फक्त एकदा त्यांनी मला ‘तोफ’ म्हणून झापावं, मी बाकी काही मागणार नाही.

आज त्यांना खिडकीपाशी खुर्चीत बसवलं, गळ्यात त्यांची पंचाची शिट्टी अडकवली. समोर टीव्ही ठेवला. उद्या जोडून टाकते. सामने सुरू झाले की त्यांचा जीव रमेल.


रविवार, ३ मार्च

चांगली गोष्ट: दूधवाला वेळेवर आला.

बाकी दिवस संतापात गेला. घरमालकीण खाली राहते. गोरी, गोल, गोड बोलणारी बाई. गोड बोलणाऱ्यांचं मला पहिल्यापासून वावडं आहे. टीव्ही वर आला हे तिने खिडकीतून पाहिलं असणार. लगेच जिना चढून आली आणि म्हणाली की वर टीव्ही लावायचा नाही. गच्चीवरचा अँटेना तिचा, त्याची तार खाली तिच्या टीव्हीला जाते, वरच्या खोलीला ती द्यायची नाही. नानांना संध्याकाळी खाली आणत जा म्हणे, माझ्याकडे बसून बघतील, ह्यांनाही सोबत होईल.

मी विचारलं, अर्धं अंग गेलेला माणूस रोज जिना उतरणार कसा? खांद्यावर घेऊन जाऊ? तर ती हसली आणि बघा बाई, मी आपलं सांगितलं, असं म्हणून गेली. बास. कारण नाही, काही नाही. तार तिची म्हणे! मी काय तिच्या तारेतून चित्रं पिऊन टाकणार होते?

तिचा नवरा अजून दिसला नाही. आवाज मात्र दिवसभर येतो. सारखा हसत असतो. अशा बायकोबरोबर राहून माणूस हसतो म्हणजे कमाल आहे.


मंगळवार, ५ मार्च

अँटेनावाल्याला बोलावलं. आला, गच्चीवर गेला, खाली आला, पाना विसरलोय उद्या येतो म्हणाला आणि जो गायब झाला तो झाला. खोटारडा मेला. पाना त्याच्या खिशातून डोकावत होता.

मग मीच वर गेले. गल्लीतल्या सगळ्या घरांचे अँटेने टेकडीवरच्या मनोऱ्याकडे तोंड करून उभे आहेत. आमचा एकटाच पाठ फिरवून, मान खाली घालून, घरांकडे बघत उभा. त्याच्यापासून निघालेल्या तारेला एक फाटा फोडलेला आहे. एक तार खाली मालकिणीकडे गेलीय. दुसरी आमच्या खोलीच्या भिंतीकडे येते आणि भिंतीत शिरायच्या आधी कापलेली. टोकाला प्लास्टिक गुंडाळून सुतळीने करकचून बांधलंय.

म्हणजे वरच्या खोलीत सॉकेट आहे! नानांच्या खोलीची भिंत मी बोटाने ठोकत गेले. खुर्चीच्या डोक्याशी एका जागी आवाज पोकळ आला. रंगाखाली लाकडाची फळी, कडेने सिमेंट भरून बसवलेली. एवढा खटाटोप कशासाठी, तर भाडेकरूला फुकट टीव्ही दिसू नये म्हणून. तळपायाची आग मस्तकात गेली. शुक्रवारी सुट्टी आहे. बघतेच.


शुक्रवार, ८ मार्च

जोडलं! कुणाच्या बापाला न विचारता जोडलं. (माझ्या बापाला विचारलं. त्यांनी मान डोलावली.)

मालकीण बाजारात गेल्याबरोबर छिन्नी-हातोडी घेऊन फळी उचकटली. आत चांगलं पितळी सॉकेट, नव्यासारखं. भिंतीला हात लावला तर कोमट लागलं, उन्हाने असेल. गच्चीवर तारेचं काळं साल सोललं, आतली जाळी मागे दुमडली, तांब्याची तार तांब्याच्या तारेला पिळून जोडली, वर चिकटपट्टी. खाली सॉकेटमध्ये पिन बसवली, टीव्ही लावला. मुंग्याच मुंग्या. साहजिक आहे, अँटेन्याचं तोंड उलटं.

आता पंचाईत. एकाने वर पाइप फिरवायचा आणि दुसऱ्याने खालून ओरडायचं, आलं, आलं, गेलं. लहानपणी हे काम मी आणि नानाच करायचो आणि त्यावरूनही भांडायचो. आता खालून ओरडणार कोण? शेवटी नानांच्या डाव्या हातात शिट्टी दिली. चित्र आलं तर एक शिट्टी, गेलं तर दोन. त्यांना गंमत वाटली, तोंडाचा चांगला कोपरा हसला.

मी वर गेले. पाइप गंजलेला, इंचभरसुद्धा हलेना. शिव्या घालत जोर लावत होते आणि खालून आवाज आला. आलं!

शिट्टी नाही. आवाज. नानांचा. मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा. आलं, आलं, राहू दे तसंच, तोफ!

जिना कसा उतरले आठवत नाही. नाना खुर्चीत तसेच, तोंड मिटलेलं, शिट्टी मांडीवर. टीव्हीवर नुसत्या मुंग्या. पण ते त्या मुंग्यांकडे टक लावून बघत होते, आणि खूश होते. मी त्यांचे खांदे धरून परत बोला, परत बोला म्हणत राहिले आणि वेड्यासारखी रडले. मग राग आला. एकदा बोलता येतं तर परत का येत नाही?

आवाज खोलीतून आला की खालच्या खिडकीतून, ते मला आता नक्की सांगता येत नाही.


रविवार, १० मार्च

भास असणार. डॉक्टरीणबाई म्हणाल्याच होत्या, झोप कमी पडतेय.

टीव्हीत मुंग्यांपलीकडे काही येत नाही. पण बंद करायला गेले की नाना डाव्या हाताने खुर्ची बडवतात. राहू दे बाबा. दिवसभर त्यासमोर बसतात. जेवण कमी झालंय.

मालकीण जिन्यात भेटली. मला वाटलं फळीवरून भांडायला आली, मी बाह्या सरसावूनच होते. तर म्हणाली, तुमचे नाना बोलतात मोठे गमतीचे हो! ह्यांना तर हसू आवरत नाही.

बोलतात? मुक्या माणसाची चेष्टा? मी तिथेच तिला असं फैलावर घेतलं की गल्ली गोळा झाली. ती डोळे पुसत आत गेली. नाटकी बाई.


बुधवार, १३ मार्च

नाना बरे दिसत नाहीत. हात गार. अंगाखाली हात घालून उचलायला गेले तर एकदम हलके लागले, रिकामी पिशवी उचलावी तसे. आणि त्यांचा निळा सदरा, मीच परवा धुतलेला, पार राखाडी दिसतोय. मी साबणाला नावं ठेवली. मग त्यांचा चेहरा नीट पाहिला. तोही त्याच रंगाचा. उन्हात खुर्ची ओढली तरी तसाच.

डॉक्टर आणला. नाडी आहे, श्वास आहे, अशक्तपणा आहे, खायला घाला म्हणाला. डोळे नाहीत का मेल्याला? माणसाचा रंग उडालाय आणि हा म्हणतो सूप द्या!

दुपारी मालकीण खालूनच म्हणाली, सूप फार खारट झालं होतं म्हणत होते नाना. आणि रागावू नका, पण भांडी आपटू नका, त्यांच्या डोक्यात सणक जाते.

सूप खारट होतं. मी चाखून पाहिलं. आणि भांडी मी सकाळीच आपटली होती, दार लावून.

वर येऊन नानांना जाब विचारला. माझ्याशी वर्षभर एक शब्द नाही आणि शेजारणीकडे चहाड्या? त्यांनी मान हलवली. नाही, नाही, नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी उशी भिंतीवर फेकून मारली.


शुक्रवार, १५ मार्च

आज खाली गेले. न विचारता, दार ढकलून आत.

मालकीण टीव्हीसमोर बसून भाजी निवडत होती. घरात दुसरं माणूस नव्हतं. दुसऱ्या माणसाच्या चपला नाहीत, काठी नाही, कपडे नाहीत. हसण्याचा आवाज टीव्हीतून येत होता. पडद्यावर एक खोली होती आणि त्यात दोन खुर्च्या. एका खुर्चीत टक्कल पडलेला एक गृहस्थ हसत होता.

दुसऱ्या खुर्चीत माझे नाना.

निळा सदरा. गालांवर लाली. दोन्ही हात वाऱ्यावर उडवत बोलत होते, उजवासुद्धा! माझ्याविषयीच. ही तोफ लहानपणी कशी होती ते. तोंड वाकडं नाही, शब्द अडखळत नाही. मी पडद्याला हात लावला. कोमट.

त्या बाईने भाजी बाजूला ठेवली आणि सगळं सांगितलं. अगदी गोड आवाजात. तो गृहस्थ तिचा नवरा. वरच्या खोलीत आजारी होता. त्यानेच तो अँटेना बसवला, उलटा, चुकून की मुद्दाम देव जाणे. त्या सॉकेटमधून चित्र खोलीत येत नाही, खोलीतलं माणूस वर जातं. आधी आवाज, मग रंग, मग उरलेलं सगळं. आणि इथे खाली दिसतं. वर खुर्चीत एक दिवस काहीच उरलं नाही, तेव्हा तिने तार कापली आणि फळी ठोकली. खालची तार मात्र ठेवली, तो दिसत राहावा म्हणून.

मी विचारलं की हे मला का सांगितलं नाही. ती म्हणाली, लावू नका म्हटलं होतं ना मी.

म्हटलं होतं! एकदा! हसत! आणि फळी फुटली ते कळल्यावर? आवाज आल्यावर? सूप खारट आहे हे कळल्यावर? तेव्हा तोंडात मिठाची गुळणी का धरलीस? मी तिच्या खांद्याला धरून हलवलं. ती रडत म्हणाली की हे इतकी वर्षं एकटे होते. पहिल्यांदा सोबत मिळाली. किती हसतात बघा, हयातीत कधी एवढे हसले नाहीत.

तिच्या नवऱ्याच्या सोबतीला माझा बाप!


शनिवार, १६ मार्च

सकाळी पिन उपटली.

खाली नानांचं बोलणं मधेच तुटलं. आणि वर नानांचा श्वास थांबला. छाती हलेना. डोळे उघडे, माझ्याकडे. मी पिन परत बसवली. घाईत भोकच सापडेना. मग श्वास आला. खाली नानांनी वाक्य जिथे तुटलं होतं तिथून पुढे चालू केलं.

म्हणजे काढताही येत नाही. ठेवताही येत नाही. आणि ती बया खालून विचारते, चित्र का गेलं होतं?


रविवार, १७ मार्च

एक सुचलं. अँटेन्याचं तोंड उलटं आहे म्हणून माणूस जातं. सुलटं केलं तर परत येईल. मालकिणीने कधी करून पाहिलं नाही, तिला भीती वाटली. मला नाही वाटत.

गंजावर तेल ओतलं, मोठा पाना लावला. पाइप किंचाळत फिरला. थोडा. खालून नानांचा आवाज— गेलं! गेलं! तोफ, गेलं! आवाज लांब लांब चाललेला. मालकीण ओरडत होती की ते दोघे पुसले चाललेत, देवासाठी थांबा. मी नानांच्या खोलीच्या झरोक्यातून पाहिलं. खुर्चीत काही परत आलं नव्हतं. उलट खुर्चीची पाठ मला नानांच्या छातीतून दिसली.

फिरवलं परत, होतं तसं.

आलं, म्हणाले नाना खालून. राहू दे तसंच.

मी गच्चीवर बसून त्या लोखंडाला पान्याने बडवलं. शिव्या संपल्या तरी बडवत होते.


मंगळवार, १९ मार्च

हे लिहू नये असं वाटतं. पण वही रागाची आहे, आणि आज राग नाही, म्हणून लिहिते.

संध्याकाळी नानांच्या खुर्चीशेजारी खाली बसले आणि त्या सॉकेटला तोंड लावून ओरडले. म्हटलं, नाना, परत या. लाज नाही वाटत परक्या घरात बसून लेकीची उणीदुणी काढायला? तो फाउल माझा नव्हता, आणि तुम्हाला ते तेव्हाही माहीत होतं!

खालून उत्तर आलं. पंचाने पाहिलंय!

मी म्हटलं, पंच आंधळा होता. ते म्हणाले, तोफ, तोंड सांभाळ. मी म्हटलं, नाही सांभाळणार. दिवेलागणीपर्यंत भांडलो आम्ही. चहा, नोकरी, माझं मोडलेलं लग्न, सगळं निघालं. वर्षभराची भूक होती. मी हसत होते, रडत होते, घसा फाटेपर्यंत ओरडत होते त्या पितळी सॉकेटशी. खुर्चीतले नाना माझ्या केसांवर हात ठेवून होते. हाताला वजन नव्हतं.

ते डाव्या हाताने मला ढकलत होते. मागे, मागे. लाडानेच असणार.


बुधवार, २० मार्च

भोंग्याचा माईक हातात घेतला. फलाट क्रमांक— एवढंच. पुढे काही नाही. घसा बसलाय म्हणावं तर खरखरसुद्धा नाही. मुकादमाने पाणी दिलं. खिडकीबाहेर रांग, लोक चिडलेले. एकाने मला अद्वातद्वा सुनावलं. मी. उत्तर. दिलं नाही.

पिन सॉकेटमध्येच होती, हे काल ओरडताना दिसायला हवं होतं. नाना ढकलत होते. सांगत होते.


गुरुवार, २१ मार्च

कामावर गेले नाही. दार लावून नानांजवळ आहे. दोघं मुकी.

खाली तिसरी खुर्ची आलीय. मालकीणच दाराबाहेरून सांगून गेली, खुशीत. तुमचा आवाज काय खणखणीत आहे हो.

थोबाडीत द्यावीशी— दार उघडेपर्यंत दम लागला. माझा हिरवा झंपर. हिरवा होता.

नानांच्या तोंडात चमचा धरवत नाही मला आता. चमचा जड आहे.


शुक्रवार, २२ मार्च

सकाळ. खालून दोघांचं भांडण ऐकू येतंय. माझा आवाज, त्यांचा आवाज. फाउलचं. आम्ही दोघं वर कान लावून—

आणि मग माझा आवाज म्हणाला, बरं नाना, जाऊ दे, फाउल माझाच होता.

काय??

आणि त्यांचा आवाज म्हणाला, नाही गं बाळ, चूक माझीच झाली.

बाळ! नानांनी मला जन्मात बाळ म्हटलेलं नाही! चूक झाली म्हटलेलं नाही! मग ते तिघं हसले. त्या नवऱ्यासारखंच. सगळ्यांचं एकच हसू. मालकिणीने आवाज मोठा केला.

ते नाना नाहीत. ती मी नाही. आमचा आवाज पांघरून बसलंय काहीतरी, आणि त्याला भांडतासुद्धा येत नाही.

नानांकडे पाहिलं. खुर्चीत धुरकट, अर्धे. पण डोळे! अंगार. डावी मूठ खुर्चीवर. धप. धप. इतके संतापलेले मी त्यांना मैदानातच पाहिलेत. म्हणजे हे आहेत. अजून इथे आहेत. राग तारेतून गेलेला नाही. त्यांचाही नाही, माझाही नाही— तो त्या खालच्यांना नको असणार—

त्यांनी सॉकेटकडे बोट केलं. मग पिनेकडे. मी मान हलवली, श्वास थांबेल, मागच्या वेळी थांबला होता. त्यांनी परत केलं. पंचाचं बोट. आता तुमचा, माझा, दोघांचाही थांबेल, मी खुणेने सांगितलं. परत तेच बोट.

ठीक आहे नाना. भांडणार नाही. फक्त एवढ्या एकदा.


दुपार

पिन धरलीय डाव्या हाताने. उजव्याने हे लिहिते. पेन्सिल कागदावर उमटत नाहीये धड.

खाली हसताहेत. बाळ, बाळ चाललंय.

नानांनी शिट्टी उचलली. खूप वेळ लागला. ओठांत धरलीय. वाजली की ओढायची, असं ठरलंय. एकच शिट्टी. सामना संपला.

फुंकताहेत. आवाज नाही—

परत. गाल फुगले. तोफ पाहतेय नाना, जोर लावा, जोर ला—

परत—

वाज